मलिक अंबर: ज्याला परतीची वाट नव्हती

मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही शिवपूर्वकाळ शिकवत होतो. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही अशी नावं फळ्यावर लिहून झाली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. आपले लोक नक्की कुठून आले, असा त्याचा प्रश्न होता. मैदानावर क्रिकेट खेळताना भांडण झालं, तेव्हा समोरच्या टीममधल्या कुणीतरी त्याला तुम्ही बाहेरचे, असं सुनावलं होतं. घरी विचारलं तर अब्बांनी अभ्यास कर म्हणून गप्प बसवलं. या मुलाचे आजोबा नगर तालुक्यातले शेतकरी. ज्वारी, तूर आणि पाणी असेल त्या वर्षी कांदा. त्यांच्या आधीच्या किती पिढ्या त्याच मातीत राबल्या, ते त्यांनाही मोजता येत नाही.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही, हेच खरं. पुढच्या तासाला मात्र पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. पुस्तकात तो येतो आणि लगेच निघून जातो. खरं तर ज्याला अगदी शब्दशः बाहेरचा म्हणता येईल, असा हा माणूस. तीच गोष्ट इथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी आपल्या शहराबद्दल. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना सगळे अजून नगरच म्हणतात. हे शहर 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी वसवलं. त्याचे वडील मलिक हसन बहरी हे बहमनी राज्यातले मोठे वजीर. त्यांचं मूळ घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं, असं फारसी तवारीखकार लिहितात. म्हणजे संस्थापक इथलाच. पण शहर उभं राहिलं तशी माणसं दूरदूरहून येऊ लागली. इराणमधून शाह ताहिरसारखे विद्वान आले आणि त्यांच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने 1537 मध्ये शिया पंथ स्वीकारला. अरब आले, तुर्क आले, उत्तरेतून दख्खनीत स्थिरावलेले शिपाई आले. आणि समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, हबशी आले. बाकीचे नोकरी, व्यापार, मान-मरातब शोधत आपल्या पायांनी आले होते. हबशांतल्या बहुतेकांना मात्र विकून आणलं होतं.

दख्खनच्या दरबारांत त्या काळी दोन गट होते. एक आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून नव्याने आलेले. त्यांना गरीब असंही म्हणत. आपल्या घरातल्या उर्दूत गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. मूळ अरबीत मात्र त्याचा अर्थ परका, परदेशी असा आहे. दुसरा गट दख्खनी, म्हणजे इथे रुजलेले मुसलमान. गंमत अशी की एवढ्या लांबून आलेल्या हबशांची गणना आफाकींत होत नसे, ते दख्खनींच्या बाजूचे मानले जात. आमच्या मते कारण साधं आहे. इराणी सरदाराला शिराझ किंवा इस्फहानमध्ये घर असे, नातेवाईक असत, पत्रं जात-येत. हबश्याचं घर, गाव, आई-बाप सगळं मागे तुटलेलं. त्याला परत जायला जागाच नव्हती. जिथे विकला गेला, तोच त्याचा मुलूख.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीचं नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. आई-बापांनी गरिबीपायी विकलं की कुणी पळवून नेलं, याच्या कहाण्या वेगवेगळ्या आहेत. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली, मग तो बगदादला गेला. तिथल्या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं. तिथेच तो मुसलमान झाला आणि अंबर हे नाव त्याला मिळालं. अंबर हे सुगंधी द्रव्य. काळ्या गुलामांना काफूर, याकूत, अंबर अशी मौल्यवान वस्तूंची नावं देण्याची तेव्हा रीतच होती. माणसाला मालाचं नाव! वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं हसली, आणि मग गप्प झाली.

विशीत असताना तो पुन्हा विकला गेला आणि नगरला आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. या पेशव्याच्या पदरी हजारभर हबशी होते असं सांगतात. पेशवा हा शब्द फारसी आहे आणि निजामशाहीत वजिराचं हे पद होतं, हेही इथेच सांगून टाकतो. पुढे हा शब्द पुण्याला कसा गेला ते सर्वांना ठाऊक आहे. चंगेजखानाच्या हाताखाली अंबरने दरबार, फौज आणि खजिना जवळून पाहिला. 1575 च्या आसपास चंगेजखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं.

आता हा मोकळा माणूस जाणार कुठे? पुढची वीसेक वर्षं तो शिपाईगिरी करत विजापूरकडे राहिला. तिथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. पण मन काही रमलं नाही. पगार वेळेवर नाही, शस्त्रांना पैसा नाही. शेवटी 1595 मध्ये दीडशे घोडेस्वार घेऊन तो नगरला परतला आणि अभंगखान हबशी या सरदाराच्या चाकरीत राहिला. वय सत्तेचाळीसच्या घरात. आपल्यातले लोक या वयात मुलीच्या लग्नाचा आणि निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतात.

त्याच हिवाळ्यात मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा दिला. चांदबिबीची ती लढाई नगरच्या प्रत्येक घरात माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. सुरुंगाने पडलेलं खिंडार तिने स्वतः उभं राहून बुजवलं, आणि 1596 मध्ये वऱ्हाड देऊन राज्य वाचवलं. पण चार वर्षांनी तिच्यावर फितुरीचा संशय घेऊन आपल्याच लोकांनी तिला मारलं, आणि ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. बालराजा बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. निजामशाही संपली, असंच आग्र्यात सर्वांनी धरलं.

पण अंबरने ते मान्य केलं नाही. त्याने राजघराण्यातल्या एका तरुणाला विजापूरच्या मुलखातून आणून परांड्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. राजू दख्खनी नावाचा प्रतिस्पर्धी होता, त्यालाही काही वर्षांत बाजूला केलं. राजधानी परांड्याहून जुन्नरला गेली, मग दौलताबादला. 1610 मध्ये त्याने नगरचा किल्लाही मोगलांकडून परत मिळवला. त्याच सुमारास आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने त्याच्या फौजेचा अंदाज दिला आहे: सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी. दीडशे स्वारांपासून पंधरा वर्षांत इथपर्यंत.

हे चाळीस हजार कोण होते, हे नीट पाहायला हवं. त्यांत दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. मोठ्या मोगल फौजेशी मैदानात समोरासमोर भिडायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात ओढून दमवायचं, ही बारगिरांची पद्धत अंबरने राज्याचं धोरण म्हणून वापरली. घोडा मराठ्यांचा, डोंगराची माहिती मराठ्यांची, आणि नेतृत्व आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाचं. सिंदखेडचे लखुजी जाधव, वेरूळचे भोसले ही घराणी याच निजामशाहीच्या चाकरीत मोठी झाली. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, तेव्हा नगरच्या शाह शरीफ दर्ग्यात नवस बोलला गेला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. दर्गा आजही नगरमध्ये आहे.

1610 मध्येच अंबरने खडकी या गावाजागी नवं शहर वसवायला घेतलं. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या जुन्या वस्त्यांची नावं ऐका: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांवरून ही नावं पडली. स्वतःचं आई-बापांनी ठेवलेलं नावही ज्याच्याकडे उरलं नव्हतं, त्याच्या शहरात इतरांची नावं अशी राहिली.

त्या शहराला पाणी कुठून आणायचं, हा मोठा प्रश्न होता. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालून नहर आणली. पाणी कुठे झिरपतं ते हेरून चुनेगच्चीचे बंदिस्त नळ, पुढे खापरी नळ, आणि हवा निघून जावी म्हणून ठिकठिकाणी उभे मनोरे. ना मोट, ना रहाट; नुसत्या उतारावर पाणी चालायचं. नहर-ए-अंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि तिचा काही भाग शेकडो वर्षं वापरात राहिला. जमिनीखालून पाणी नेण्याची विद्या इराणची. पण अंबरला ती शिकायला इराणला जावं लागलं नाही, कारण ती आपल्या नगरात आधीच आलेली होती. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा बाजूंनी शहरात खापरी नळांनी पाणी आणण्याचं काम निजामशाहीने केलेलं होतं. इराणकडची कल्पना, नगरच्या मातीचे नळ, इथल्याच गवंड्यांचे हात, हबशी वजिराची नजर. पाणी प्यायचं कुणी, यावर तेव्हा काय भांडणं झाली असतील ती झाली असतील. पाण्याने मात्र कुणाचा गाव विचारला नाही.

आम्ही शेतकऱ्याच्या घरातले असल्यामुळे आम्हाला त्याचं महसुलाचं काम सगळ्यांत मोठं वाटतं. त्याआधी गावंच्या गावं इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने दिली जात. मक्तेदार जास्तीत जास्त ओरबाडून घ्यायचा, पीक बुडालं तरी सोडायचा नाही. अंबरने इजारा बंद केला. जमिनीची प्रत पाहिली, प्रत्यक्ष किती पिकतं ते पाहिलं आणि त्यावर सरकारी हिस्सा ठरवला. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर दिली आणि हिशेब बहुतेक ब्राह्मण कारकुनांकडे. सतत लढाया चाललेल्या मुलखात शेतकऱ्याला पुढच्या वर्षी किती द्यावं लागेल हे आधी कळणं, ही किती मोठी गोष्ट आहे ते कांद्याचा भाव पाहत बसणाऱ्याला विचारा. मलिकंबरी धारा हे नाव खेड्यापाड्यांत रुजलं. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची घडी बसवतानाही याच पद्धतीचा आधार घेतला गेला, आणि इंग्रज अधिकारी महसुलाची चौकशी करत फिरू लागले तेव्हा दोनशे वर्षांनीही त्यांना गावोगाव अंबरचं नाव ऐकू आलं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मुलांपुढे आम्ही खोटे ठरू. अंबरची मुलगी सुलतानाला दिलेली होती. सुलतानाची दुसरी बेगम इराणी वंशाची. तिने एकदा या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, अशी हकिकत त्या काळच्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. राज्याची सगळी सूत्रं बापाच्या हाती असताना मुलीला हे ऐकावं लागलं. त्यावर अंबरने जे केलं ते भयानक होतं: सुलतानाला आणि त्या बेगमेला विष देवविलं आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवलं. अपमान खरा होता, पण त्याची अशी परतफेड कोणत्याही दृष्टीने योग्य म्हणता येत नाही. ज्या टोमण्याने आमचा विद्यार्थी रडवेला झाला, त्याच टोमण्याने चारशे वर्षांपूर्वी एका राजवाड्यात दोन जीव घेतले. आम्ही वर्गात इथे थांबलो. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. मग घंटा झाली.

बादशहा जहांगीरला अंबरचा इतका राग होता की आपल्या आत्मचरित्रात तो त्याचं नाव शिव्या जोडल्याशिवाय घेत नाही. त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्यावर अंबरचं कापलेलं डोकं आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. हे चित्र आता आयर्लंडच्या डब्लिन शहरातल्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते डोकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. पराभव अंबरलाही चुकले नाहीत. 1616 मध्ये रोशनगावला मोगलांनी त्याला हरवलं, खडकी जाळली. लखुजी जाधवांसारखे मोठे सरदार सोडून गेले. शहर त्याने पुन्हा उभं केलं.

आणि मग 1624. या वेळी मोगल आणि विजापूरकर एक झाले होते. अंबर पंचाहत्तरीचा. लढाईची जागा त्याने निवडली ती नगरपासून पंधरा-वीस किलोमीटरवरची भातवडी, म्हणजे आजचं नगर तालुक्यातलं भातोडी. पावसाळ्याचे दिवस. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि पाणी शत्रूच्या छावणीत घुसलं. चिखलात तोफा रुतल्या, घोडे अडकले, दाणावैरण तुटली, रोज रात्री छापे. उपाशी सैनिक छावणी सोडून अंबरच्या बाजूला येऊ लागले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला, मोगलांचे कितीतरी सरदार कैद झाले. अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढले. शरीफजी या लढाईत पडले. नगरच्या सुफी पिराचं नाव लावणारा हा भोसल्यांचा मुलगा हबशी वजिराच्या झेंड्याखाली लढताना नगरच्याच मातीत गेला. त्यांची समाधी भातोडीला आहे.

दोन वर्षांनी, 1626 च्या मे महिन्यात अंबर वारला. कबर खुलदाबादला आहे, जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळच. बेगम करीमा यांची कबरही तिथेच आहे. त्याचा मुलगा फत्तेखान बापाच्या तोडीचा निघाला नाही. त्याने 1633 मध्ये दौलताबाद मोगलांना दिलं. त्यानंतरही तीन वर्षं निजामशाहीचा एक लहान मुलगा मांडीवर घेऊन राज्य चालवण्याचा प्रयत्न कुणी केला असेल, तर तो शहाजीराजांनी. परांड्याला अंबरने जे केलं होतं, तेच.

जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकारालाही अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची स्तुती करावी लागली. पण आम्हाला जास्त मोलाचा वाटतो तो आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा दाखला. कवींद्र परमानंद नेवाशाचे. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी संस्कृतात शिवभारत लिहिलं. त्यात भातवडीची लढाई आहे आणि अंबर शूर, तेजस्वी योद्धा म्हणून येतो. भोसल्यांच्या पुढच्या पिढीला तो आपल्यापैकीच वाटत असला पाहिजे. नाहीतर त्यांच्याच घराण्याच्या काव्यात त्याचा असा गौरव कशाला झाला असता?

वर्गात शेवटी भाषेवर बोलणं आलं. मुलं घरी जी उर्दू बोलतात, तिला लखनौची माणसं हसतात. नक्को म्हणतात ही पोरं. हे नक्को मराठीच्या नको वरून दख्खनीत आलं, आणि मराठीनं घेतलेले जमीन, बाजार, वकील, पेशवा हे शब्द फारसी-अरबीतून आले. मुलांनी दहा मिनिटांत फळा भरून टाकला. कुठला शब्द बाहेरचा त्यावर खुणा करायला सांगितलं, तर वाक्यच शिल्लक राहीना.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन भातोडीला गेलो. शरीफजींच्या समाधीजवळ मुलं शांत उभी राहिली, मग तलावाकडे पळाली. बांध नेमका कुठे फोडला होता, असा त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा नवा प्रश्न होता. आम्हाला सांगता येईना. तिथे शेळ्या चारत एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी काठीने एक जागा दाखवली, थोड्या वेळाने दुसरी दाखवली. मग त्या मुलाला जवळ बोलावून गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले की या नावाच्या माणसाला आपण बैलजोडी विकली होती, दुष्काळाच्या वर्षी, आणि पैसे दोन वेळा करून पण बरोबर दिले होते.